टॅपेटपासून सीट कटरपर्यंत : मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या कामाची हत्यारं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली बहुतेक उत्तरं स्प्लेंडरच्या जातीच्या, म्हणजे शंभर सीसीच्या, आडव्या सिलिंडरच्या, दोन व्हॉल्व्हच्या इंजिनाला धरून दिली आहेत. घरोघरी तेच असतं आणि शिकायलाही तेच बरं. जिथे गोष्ट वेगळी आहे तिथे जुनी बुलेट आणि ड्यूक ३९० यांचा उल्लेख आहे.

व्हॉल्व्हचं काम घरी करता येतं का?

कोणतं काम, त्यावर आहे. टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यातला बारीक गॅप ठेवणं, कुणालाही येईल. हेड (सिलिंडरचं डोकं) उतरवून व्हॉल्व्ह काढणं, घासणं आणि परत बसवणं हे धीर असलेल्या माणसाला जमतं. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) कापणं आणि गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलणं मात्र हेडचं काम रोज करणाऱ्या लेथवाल्याकडेच द्यावं. त्याची हत्यारं महाग असतात आणि घरात ती आयुष्यात एकदा वापरली जातात. पण ती कशी चालतात हे ठाऊक असलं, तर समोरचा नीट काम करतोय की नाही ते कळतं. म्हणून त्यांच्याबद्दलही खाली लिहिलं आहे.

सुरुवातीला काय विकत घ्यावं?

आधी मोजायची हत्यारं, मग खोलायची. पहिला फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच), दुसरी टॅपेट की (टॅपेटचा स्क्रू धरायची), तिसरा लहान टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा). स्प्रिंग कॉम्प्रेसर (व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरणारा) हेड खरोखर उतरवायची वेळ आल्यावर घ्या. बरेच लोक उलट करतात. भलामोठा गोटी (सॉकेट) सेट आधी येतो आणि गॅप मोजायला हॅकसॉचं पातं घेतात.

फिलर गेज घेताना पात्यांवरचे आकडे वाचून घ्या. बाजारात सर्रास मिळणारा सेट ०.०५ मिमीपासून सुरू होतो आणि पुढे ०.०५ च्याच पायऱ्यांनी चढतो. तो कारच्या किंवा पंपाच्या कामाला ठीक आहे. आपल्या लहान इंजिनांत गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमीच्या घरात असतो (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यायचा). त्यामुळे ०.०३, ०.०४, ०.०५, ०.०६, ०.०८ अशी बारीक पाती असलेला सेट लागतो.

मेकॅनिक ‘दोन थाऊ ठेव’ म्हणतो. मिलिमीटरमध्ये किती?

एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. दोन थाऊ म्हणजे ०.०५, तीन थाऊ म्हणजे जवळपास ०.०८, चार थाऊ म्हणजे ०.१०. ‘सूत’ मात्र वेगळं. ते इंचाचा आठवा भाग, त्याचा इथे काही संबंध नाही.

टॅपेट सेट करायची नेमकी रीत काय?

इंजिन पूर्ण गार हवं. होंडाच्या जातीच्या इंजिनांना तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घेतली की प्रश्न मिटतो. विदर्भात मे महिन्यात दुपारी सावलीतही पारा त्याच्या वर असतो, तेव्हा तिकडे हे काम पहाटेचंच.

प्लग काढून ठेवा, म्हणजे क्रँक हलका फिरतो. डाव्या बाजूच्या कव्हरवरची दोन्ही टोपणं काढा. मोठ्या टोपणातून गोटी पाना घालून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. लहान टोपणातून मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ खूण दिसते. ती केसवरच्या खाचेसमोर आणा. मग वरचं इनलेटचं आणि खालचं एक्झॉस्टचं टॅपेट टोपण उघडा. सिलिंडर आडवा असल्यामुळे खालच्या टोपणातून थोडं ऑइल गळतंच, आधीच फडकं लावून ठेवा. टोपणाची ओ-रिंग कडक झाली असेल तर बदलून टाका, नाहीतर आठवड्याने हेडखाली ऑइलची धूळ जमते आणि दोष टॅपेटला लागतो.

आता दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा. दोन्हीत किंचित ढिलाई लागली पाहिजे. एखादा ताठ असेल तर इंजिन कॉम्प्रेशनच्या नव्हे, एक्झॉस्टच्या फेरीच्या शेवटाला आहे. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून परत ‘टी’वर आणा. चार स्ट्रोक इंजिनात ‘टी’ खूण दोनदा येते आणि त्यातली एकच आपल्या कामाची. टॅपेट सेटिंगमधली सर्वांत जास्त गडबड इथेच होते. दुसऱ्या ‘टी’वर दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. तिथे गॅप ठेवला की खऱ्या जागी तो भलताच मोठा होतो आणि गाडी शिवणयंत्रासारखी वाजायला लागते.

पातं पुसून, ऑइलचा जेमतेम हात लावून, स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ घाला. तिरकं घातलं की ते जाड असल्यासारखं लागतं.

पातं किती घट्ट सरकायला हवं?

‘थोडं अडखळत’ असं सगळे सांगतात, पण प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून एका पात्यावर विसंबू नका. ०.०५ चा गॅप हवा असेल तर ०.०४ चं पातं सहज जावं, ०.०५ चं किंचित ओढ देत जावं, आणि ०.०६ चं जाऊच नये. ही तीन पात्यांची परीक्षा हाताच्या अंदाजाला जागाच ठेवत नाही.

नट आवळला की सेटिंग बदलतं. काय करावं?

बदलणारच. आवळताना लॉकनट स्क्रूला थोडा वर ओढतो आणि आट्यातली ढिलाई एका बाजूला जाते. अर्ध्या मिलिमीटरचा आटा असेल तर पूर्ण फेऱ्याला ०.५ मिमी, म्हणजे फेऱ्याच्या दहाव्या भागाला ०.०५ मिमी. हात चिमूटभर हलला की अख्खा गॅप गेला.

यासाठीच टॅपेट की असते. या इंजिनांत स्क्रूच्या डोक्यावर ३ मिमीचा चौकोन असतो, त्यावर की घट्ट बसते आणि एका हाताने स्क्रू जागेवर धरता येतो. दुसऱ्या हाताने ९ चा रिंग पाना लॉकनटवर. पातं गॅपमध्येच राहू द्या, नट आवळा, मग पातं ओढून बघा. तीन पात्यांची परीक्षा नट आवळल्यानंतर परत करायची, आधीची धरायची नाही. दोन-तीनदा करावं लागलं तर वैताग नको, अनुभवी माणसालाही लागतं.

पक्कड वापरू नका. चौकोनाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढच्या वेळी की बसत नाही आणि स्क्रू कापून काढावा लागतो. ‘आमच्याकडे पकडीनेच करतात’ हे खरं असेलही. तुमच्या गाडीचे कोपरे बघा म्हणजे कळेल.

आमचा मेकॅनिक फिलर गेज वापरत नाही, रॉकर हलवून सांगतो. चालतं का?

वर्षानुवर्षं एकाच जातीचं इंजिन केलेल्या माणसाचा हात बराच जवळ येतो, हे मान्य करायला हवं. पण बोटाला ०.०५ आणि ०.१० मधला फरक जाणवला तरी ०.०३ आणि ०.०५ मधला जाणवत नाही, आणि धोका नेमका तिथे आहे. पातं घालायला अर्धा मिनिट लागतो. ते टाळण्यासारखं त्यात काही नाही.

टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही. म्हणजे सेटिंग उत्तम ना?

नाही. आवाज करणारा टॅपेट चिडचिड करतो, गप्प टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. व्हॉल्व्हच्या डोक्यातली उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावरच हेडमध्ये जाते. गॅप उरला नाही तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तसाही लालभडक होण्याच्या जवळ असतो. त्याच्या कडेने जळता गॅस निसटत राहिला की कड खाल्ली जाते. लक्षणं ओळखीची आहेत. सकाळी किक जास्त लागतात, गरम इंजिन आयडलला बंद पडतं, चढाला दम नाही. गिऱ्हाईक ‘आवाज बंद करा’ म्हणतं आणि मेकॅनिक गॅप कमी करून आवाज बंद करतो. पुढे हेडचं काम निघतं तेव्हा कुणालाच याचा संबंध आठवत नाही.

हलकी, एकसारखी टिकटिक असू द्या.

गॅप बरोबर ठेवला तरी टकटक येते.

स्क्रूचं टोक बघा. वापराने त्याला वाटीसारखा खड्डा पडतो. पातं सपाट असल्यामुळे ते खड्ड्याच्या कडांवर टेकतं, आणि खरा गॅप पात्याच्या जाडीत खड्ड्याची खोली मिळवून होतो. उपाय म्हणजे नवा स्क्रू. तो स्वस्त असतो, दोन्ही एकदम बदला. तरीही आवाज राहिला तर रॉकरची पिन, कॅमचा (रॉकर हलवणाऱ्या दांड्याचा) उंचवटा किंवा कॅम चेन. तिथे फिलर गेजचं काम संपलं.

जुन्या बुलेटला वेगळी हत्यारं का लागतात?

कास्ट आयर्न बुलेटमध्ये कॅम खाली आणि पुशरॉड (कॅमची हालचाल वर रॉकरला पोचवणारी दांडी) लांब. ॲडजस्टर उजव्या बाजूला, सिलिंडरच्या पायाशी, टॅपेट कव्हरच्या आत. तिथे फिलर गेज लागतच नाही. गार इंजिन, कॉम्प्रेशनचा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर), आणि पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. हाच मापदंड.

अडचण जागेची आहे. एकाच वेळी ॲडजस्टर धरायचा, लॉकनट सोडायचा आणि खालचा टॅपेट फिरू द्यायचा नाही. साधे फिक्स पाने जाडीला बसत नाहीत, म्हणून पातळ पान्यांचा संच वेगळा मिळतो. तो नसेल तर स्वस्तातले पाने ग्राइंडरवर बारीक करून घेतात, आणि ते चांगलं चालतं. मात्र घासताना पाणी पाजत राहा, निळा पडलेला पाना पहिल्याच आवळणीला उघडतो.

नंतर आलेल्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेल्या) इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आहेत. तिथे सेट करायला काही नाही. ‘टॅपेट सेट केले’ असं बिलावर दिसलं तर विचारा.

स्प्रिंग कॉम्प्रेसर घ्यावा की गोटी आणि हातोडीने व्हॉल्व्ह काढावा?

रिटेनरवर (स्प्रिंगवरच्या टोपीवर) गोटी ठेवून हातोडी मारली की कॉलेट (तिला दांडीवर अडकवणारे दोन अर्धे तुकडे) उडून बाहेर येतात, हे खरं आहे. काढताना ती युक्ती निभते. बसवताना काय करणार? शिवाय फटका तिरका बसला तर पाच-साडेपाच मिमीची दांडी वाकते. ती वाक डोळ्याला दिसत नाही, गाइडला मात्र कळते.

लहान हेडसाठी सी आकाराचा कॉम्प्रेसर येतो. कारचा मोठा घेऊ नका, त्याचा पंजा या हेडच्या खोबणीत जातच नाही. सोबत अरुंद ॲडॉप्टर आहे का बघा, आणि त्याच्या खिडकीतून कॉलेट काढायला जागा उरते का तेही. आधी रिटेनरवर गोटी ठेवून मऊ हातोडीने एक हलका टोला द्या, चिकटलेले कॉलेट सुटतात. मग कॉम्प्रेसर लावा आणि कॉलेट मोकळे होतील तेवढंच दाबा. तळापर्यंत दाबलेली स्प्रिंग कमजोर होते.

कॉलेट काढल्यावर व्हॉल्व्ह लगेच ओढू नका. दांडीच्या खोबणीच्या कडा फुगलेल्या असतील तर बारीक कानसीने उतरवा, नाहीतर गाइडला आतून ओरखडा पडतो. बसवताना कॉलेटला ग्रीस लावलं की ते स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चिकटून जागेवर जातात. स्प्रिंगचे जवळजवळ असलेले वेढे हेडच्या बाजूला. स्टेम सील (दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणारी टोपी) दरवेळी नवीच. शेवटी दांडीच्या टोकावर प्लॅस्टिक हातोडीने दोन-तीन हलके टोले द्या, कॉलेट नीट बसतात. डोळ्यांवर चष्मा हवा, कॉलेट उडतो तेव्हा दिशा विचारत नाही.

व्हॉल्व्ह घासायचे कसे?

लाकडी काठीच्या टोकाला रबरी वाटी असते, ती व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटते. व्हॉल्व्हच्या तिरक्या कडेवर घासायच्या पेस्टचे चार-पाच ठिपके लावा, दांडीला ऑइल. दांडीवर पेस्ट गेली तर गाइड घासला जाईल. मग दोन्ही तळव्यांत काठी धरून ताक घुसळताना रवी फिरते तशी उलटसुलट फिरवायची. दाब नाही, फक्त काठीचं वजन. काही फेऱ्यांनंतर व्हॉल्व्ह उचला, थोडा वळवून परत टेकवा. असं न केल्यास रेघा पडतात.

जाड पेस्ट फक्त खड्डे असतील तेव्हा. तीही थोडीच, मग बारीक. आवाज खरखरीतून मऊ होत जातो, तेव्हा पुसून बघा. व्हॉल्व्हवर आणि सीटवर न तुटलेली, सारख्या रुंदीची राखाडी पट्टी दिसली की थांबा. ‘अजून थोडं घासू’ करत राहिल्यास पट्टी रुंद होते आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसतो. रुंद पट्टीवर दाब विभागला जातो, आणि कार्बनचा कण मध्ये अडकला तर तो चिरडला जात नाही.

वाकलेला व्हॉल्व्ह, ढिला गाइड, कड बारीक धारदार झालेला व्हॉल्व्ह, यांतलं काहीही घासून सुधारत नाही. टायटॅनियमचे किंवा लेप दिलेले व्हॉल्व्ह तर घासायचेच नसतात, लेप निघून जातो.

नंतरचं धुणं घासण्याइतकंच महत्त्वाचं. आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी आणि ब्रश, मग हवा. पेस्टचा कण ऑइलमध्ये गेला की कॅमपासून बोअरपर्यंत सगळीकडे घासत सुटतो.

काठीऐवजी ड्रिल मशीन लावलं तर लवकर होईल ना?

लवकर बिघडेल. एकाच दिशेने वेगात फिरल्यामुळे गोल चरे पडतात.

व्हॉल्व्ह बसले की नाही हे हेड चढवण्याआधी कसं ओळखायचं?

स्प्रिंगांसकट व्हॉल्व्ह बसवा, प्लग लावा, पोर्टचं तोंड वर करून त्यात रॉकेल ओता. काही मिनिटं थांबा आणि आत ज्वलनकक्षाच्या बाजूला व्हॉल्व्हच्या कडेने ओल येते का बघा. थेंब आला तर परत उघडा. पेट्रोलनेही करतात, ते जास्त पातळ म्हणून परीक्षा कडक होते, पण बाजूला बिडी-काडी किंवा हीटर नको.

लेथवाला ‘सीट कापावी लागेल’ म्हणतो. म्हणजे नेमकं काय करतो?

हाताने फिरवायचे कटर असतात, साधारण तीन कोनांचे : ४५, ३२ आणि ६० अंश. गाइडमध्ये एक पायलट दांडी घट्ट बसते आणि कटर तिच्याभोवती फिरतो. व्हॉल्व्ह टेकतो तो ४५ चा पट्टा. आधी ४५ ने खडबड काढायची, मग ३२ ने वरची बाजू आणि ६० ने आतली बाजू छाटून पट्टा अरुंद करायचा, शेवटी ४५ ने हलका हात. लहान इंजिनांत पट्टा साधारण १ मिमी रुंद अपेक्षित असतो.

इथे खरी कला आहे. व्हॉल्व्हवर निळा रंग लावून टेकवला की ठसा कुठे पडतो ते दिसतं. ठसा व्हॉल्व्हच्या बाहेरच्या कडेला असेल तर ३२ च्या कटरने सीट खाली आणतात. फार आत असेल तर ६० ने बाहेर सरकवतात. फिरवताना दाब कमी, दिशा एकच, मध्ये मध्ये उचलून चुरा साफ. जोर लावला की कटर थरथरतो आणि सीटवर लाटा उमटतात. सीट जितकी कापाल तितका व्हॉल्व्ह आत जातो, त्याची दांडी रॉकरकडे वर येते आणि स्प्रिंग ढिली पडते. म्हणून चांगला कारागीर कमीत कमी कापतो.

त्याला विचारण्यासारखा एकच प्रश्न आहे : आधी गाइड तपासला का? पायलट गाइडमध्ये बसतो. गाइड लंबगोल झालेला असेल तर कितीही सुंदर कापलेली सीट मध्यापासून सरकलेली निघते. क्रम नेहमी गाइड, मग सीट, मग घासणं.

गाइड बदलताना हेड गरम का करतात?

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलाद किंवा ब्राँझपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे गाइडची पकड सैल होते. हेड सगळीकडून सारखं तापलं पाहिजे, होंडाच्या पद्धतीत १३०-१४० अंश. म्हणून ओव्हन किंवा हॉट प्लेट. गॅसच्या ज्योतीने एका जागी तापवलं तर हेड वाकडं होतं. जुना गाइड पायरीच्या ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ज्वलनकक्षाच्या बाजूने ठोकून काढतात, नवा फ्रीझरमध्ये गार करून कॅमच्या बाजूने बसवतात. हेड गार झाल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार). तो आत जाताना आणि बाहेर येतानाही घड्याळाच्याच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला की धार जाते आणि भोकाला ओरखडे पडतात.

ड्यूकमध्ये स्क्रूच नाही. गॅप कसा ठेवतात?

शिमने. ती पोलादाची छोटी चकती असते, जाडी बदलून गॅप बदलायचा. फिलर गेज इथेही लागतोच, पण सोबत मायक्रोमीटर हवा, कारण जुन्या शिमवरचा छापील आकडा पुसलेला असतो. हिशेब सोपा : नवी शिम = जुनी शिम + मोजलेला गॅप − हवा असलेला गॅप. समजा जुनी २.२० मिमी, मोजलेला गॅप ०.०८, हवा ०.१२, तर नवी २.१६. मिळेल ती सर्वांत जवळची घ्यायची. चारही व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहून ठेवा. कधी कधी शिमची अदलाबदल करूनच दोन जागा भागतात आणि नव्या दोनच आणाव्या लागतात.

आरएक्स १०० चे टॅपेट कधी सेट करायचे?

टू स्ट्रोक आहे. टॅपेट नाहीत. मजेत चालवा.

टॉर्क पाना खरंच लागतो का?

हेडसाठी लागतो. नट एकावेळी पूर्ण न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत. ॲल्युमिनियममधल्या ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि लांब पान्याने तो आकडा नकळत दुप्पट होतो. आटे गेल्यावर इन्सर्ट (आट्यांचं नवं अस्तर) बसवायचा खर्च पान्याच्या जवळ जातो. पाव इंच चौकोनाचा, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा घ्या. कारच्या चाकांसाठीचा मोठा पाना एवढ्या खालच्या आकड्याला खोटं सांगतो.

हे सगळं मिळतं कुठे?

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, हत्यारांचीच गल्ली. पुण्यात नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग आणि त्यासोबत टॅपेट की, व्हॉल्व्ह काठी वगैरे. पाने-पकडींसाठी नाशिकचं टपारिया डोळे मिटून. पुण्याच्या जुन्या बाजारात चांगले जुने रिंग पाने सापडतात, पण फिलर गेज आणि मायक्रोमीटर तिथून घेऊ नका. त्यांची झीज बघून कळत नाही.

पाती गंजतात. उपाय?

कोकणात पावसाळ्यात गंजणारच. काम झालं की पुसून इंजिन ऑइलचा पातळ हात, आणि पाती मिटूनच ठेवा. दुमडलेलं किंवा गंजाचा फोड आलेलं पातं सरळ करत बसू नका, सेटमधून काढून टाका, कारण त्याची जाडी आता वरच्या आकड्याएवढी नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की फिलर गेजची पाती एकेक करून पुसा. हळदकुंकवाचा कणही दोन थाऊंच्या गॅपला पुरून उरतो.

हेड लेथवाल्याकडे देताना सोबत काय द्यावं?

दोन्ही व्हॉल्व्ह, कुठला कशाचा अशी खूण करून. नवे बसवायचे असतील तर नवेच द्या, कारण सीट त्याच व्हॉल्व्हशी जुळवली जाते. नवे गाइड, नवी स्टेम सील, आणि सर्व्हिस पुस्तिकेतल्या मापांच्या पानाचा फोटो. हेड परत घेताना त्याच्यासमोरच रॉकेल ओतून बघा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही, बहुतेक वेळा बाटली तोच पुढे करतो.